बिजाच्या लाकडापासून चमकणाऱ्या रेणूपर्यंत: पाण्यातला धातू ओळखण्याचा इतिहास

कानाने ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज नाही, असं झालं की आपल्या भागाचा हा लेखी मजकूर कामाला येतो. आजचा विषय रसायनशास्त्राचा आहे, पण घाबरू नका, समीकरण एकही नाही. गोष्ट आहे पाण्यात विरघळलेला धातू उजेडाने ओळखायच्या विद्येची. ती सुरू होते चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एका लाकडापासून, आणि त्या लाकडाचा सख्खा भाऊबंद आपल्या गडचिरोलीच्या जंगलात उभा आहे.

ग्लासभर पाण्याचा प्रश्न

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या हँडपंपाचं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं. नितळ आहे, वास नाही, चवही ठीक. त्यात शिसं आहे का? पारा आहे का? सांगता येईल? डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि पाणी उकळून शिसं जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

हा प्रश्न इथेच का विचारायचा? कारण हा खनिजांचा मुलूख आहे. चंद्रपूरच्या पोटात कोळसा आहे. शहराजवळचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. कोळशात पाऱ्याचा अगदी थोडा अंश असतो. कोळसा जळला की तो काही धुरासोबत जातो, काही राखेसोबत राहतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि नंबर लागला चौथा. परीक्षेत असा नंबर आला असता तर पेढे वाटले असते, पण इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. तिकडे गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याचं खाणकाम जोरात सुरू आहे.

याचा अर्थ प्रत्येक विहिरीत विष आहे असा अजिबात नाही. अर्थ एवढाच, की इथल्या माणसाने "एकदा तपासून बघू" म्हटलं तर त्याला कारण आहे.

आता तपासायचं किती बारीक? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं, की पारा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे केवढा? दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका रांगेत उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम पारा. त्याच्या वर गेला की पाणी नापास. एवढं बारीक मोजणारी यंत्रं आहेत, पण ती लाखो रुपयांची असतात, मोठ्या प्रयोगशाळेत असतात, आणि नमुना बाटलीत भरून तिथवर न्यावा लागतो. भामरागडच्या पलीकडच्या गावातून तो प्रवास किती लांबचा, हे तिकडच्या श्रोत्यांना सांगायला नको.

म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात एक जुनं स्वप्न आहे. असा एक रेणू बनवायचा जो पाण्यात टाकला की गप्प राहील, पण आपल्याला हवा तो धातू भेटला की उजळून निघेल. यालाच म्हणतात फ्लुरोसन्ट सेन्सर. पुस्तकी मराठीत फ्लुरोसन्सला प्रतिदीप्ती म्हणतात. आपण फ्लुरोसन्सच म्हणू.

निळं पाणी देणारं लाकूड

१५६५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलास मोनार्देस नावाचा एक वैद्य होता. मेक्सिकोहून जहाजाने येणाऱ्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलं. त्यात एक लाकूड होतं. त्याचे कपटे पाण्यात टाकले की पाण्याला निळी झाक येते. हे पाणी लोक मूत्रपिंडाच्या तक्रारीवर प्यायचे, म्हणून युरोपात त्याचं लॅटिन नाव पडलं लिग्नम नेफ्रिटिकम, म्हणजे मूत्रपिंडाचं लाकूड. पुढे या लाकडाचे पेलेही विकले जाऊ लागले. पेल्यात पाणी ओता, थोडा वेळ थांबा, उजेडात धरा, एका बाजूने पिवळसर, दुसऱ्या बाजूने निळं. राजेरजवाड्यांना भेट द्यायची वस्तू झाली ती.

हे लाकूड नेमकं कोणत्या झाडाचं, याचा घोळ साडेतीनशे वर्षं चालला. १९१५ मध्ये विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो सोडवला. झाडं दोन होती. एक मेक्सिकोतलं, आणि दुसरं फिलिपिन्समधलं, टेरोकार्पस इंडिकस.

हे टेरोकार्पस नाव लक्षात ठेवा. 'पुष्पा' सिनेमातलं रक्तचंदन याच टेरोकार्पस कुळीचं. आणि आपल्या जंगलातला बिजा, ज्याला कुणी बिवळा म्हणतं, कुणी असणा, तोही टेरोकार्पसच. टेरोकार्पस मार्सुपियम. साग, ऐन, मोह, तेंदू यांच्या संगतीत वाढणारं हे झाड. त्याच्या आतल्या पक्क्या लाकडाचा तुकडा पाण्यात ठेवला की पाणी पिवळं होतं आणि त्यावर निळी चमक दिसते. आयुर्वेदिक औषधांच्या सरकारी ग्रंथात बिजाचं लाकूड ओळखायची ही एक खूण म्हणूनच दिली आहे. बिजाचे पेले आजही बाजारात मिळतात. त्यांच्या औषधी गुणांच्या दाव्यांत आपण शिरणार नाही. आपल्याला त्यातला उजेड हवा आहे.

कारण पुढे रॉबर्ट बॉइलने या लाकडाच्या पाण्यावर प्रयोग केला आणि १६६४ मध्ये तो प्रसिद्ध केला. हा तोच बॉइल, ज्याचा वायूंचा नियम आपण अकरावीत घोकतो. त्याने पाण्यात आम्ल टाकलं, निळी चमक गेली. मग क्षार टाकला, चमक परत आली. बॉइल हुशार. त्याच्या लगेच ध्यानात आलं, की ही नुसती गंमत नाही. एखादा द्रव आम्ल आहे की क्षार, हे या चमकेवरून सांगता येईल.

पाण्यात काय विरघळलंय ते उजेडाने सांगायचं. फ्लुरोसन्ट सेन्सरची मूळ कल्पना हीच आहे, आणि ती एका लाकडाच्या कपट्यातून आली.

शब्दाचं नाव दगडावरून

पण ही चमक येते कुठून, हे बॉइलला ठाऊक नव्हतं. ते कळायला आणखी दोनशे वर्षं गेली. १८४५ मध्ये जॉन हर्शेलने क्विनाइनच्या द्रावणात तशीच निळी चमक पाहिली. क्विनाइन म्हणजे हिवतापाचं जुनं कडू औषध. मलेरियाशी झुंजणाऱ्या गडचिरोलीला त्याची ओळख करून द्यायला नको. मग १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने कोडं सोडवलं. सूर्यप्रकाशातला जो भाग आपल्याला दिसतच नाही, तो जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश क्विनाइन गिळतं आणि त्या बदल्यात निळा प्रकाश बाहेर टाकतं.

हे चिल्लर करण्यासारखं आहे. शंभराची नोट दिली, दुकानदाराने दहा रुपये कापले आणि नव्वद परत दिले. रेणू जास्त ऊर्जेचा प्रकाश घेतो, थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेल्या ऊर्जेचा प्रकाश परत देतो. तो प्रकाश नेहमी थोडा 'कमी किमतीचा' असतो. अतिनील गेला, निळा आला. निळा गेला, हिरवा किंवा पिवळा आला. दुकानात नोट तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याच्याखाली नोटेवरचे धागे चमकतात, ते हेच. तुमच्या फोनच्या टॉर्चमध्येसुद्धा मुळात निळा एलईडी असतो. त्याच्यावरचा पिवळा थर काही निळा प्रकाश गिळून पिवळा देतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं.

स्टोक्सला या प्रकाराला नाव द्यायचं होतं. त्याने ते फ्लोरस्पार या खनिजावरून घेतलं, कारण हे खनिजही असंच चमकतं. फ्लोरस्पारवरून फ्लुरोसन्स. आता गंमत बघा. महाराष्ट्रात फ्लोरस्पार कुठे सापडतं? चंद्रपूर जिल्ह्यात. म्हणजे शब्दाचा दगड आपल्याकडे आहे आणि लाकूडही आपल्याकडे आहे. फक्त प्रयोग दुसरीकडे झाले.

धातू शोधायचा म्हणजे डोंगर शोधायचा

त्या काळात चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, धातूचा शोध चालू नव्हता का? होता की. पण तो डोंगराएवढ्या धातूचा होता. १८८२ मध्ये जमशेदजी टाटांच्या हाती चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजावरचा एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला. लोहाऱ्याचा लोखंडाचा डोंगर आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, असा तो मनसुबा होता. टाटांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला, पण तो लोखंड गाळायला योग्य ठरला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांची माणसं पुन्हा चांद्याला येऊन गेली, मग दुर्ग, मग मयूरभंज असा शोध सरकत गेला आणि कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला.

तेव्हा प्रश्न होता: खनिजात लोखंड शेकडा किती? आज आपला प्रश्न त्याच मातीत उलटा झालाय: शंभर टँकरमध्ये पारा एक ग्रॅमच्या आत आहे ना? प्रश्न इतका बारीक झाला, की जुना तराजू पुरेना.

आणि इथेच फ्लुरोसन्स कामाला येतो. अमावास्येच्या रात्री जंगलात कुणी एक विडी पेटवली तरी लांबून दिसते. भर दुपारी तीच विडी दिसणार नाही. रंगावरून होणारी तपासणी म्हणजे दुपारची विडी, भरपूर उजेडातला थोडासा फरक ओळखायचा. फ्लुरोसन्स म्हणजे अमावास्येची विडी, मागे अंधार, पुढे एक ठिपका.

सापडलेले रेणू आणि घडवलेले रेणू

धातूसाठी ही युक्ती पहिल्यांदा वापरली ती १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या फ्रिडरिश गॉपेल्सरोडरने. त्याचा रेणूही लाकडातलाच होता. मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य, कापड रंगवायच्या एका लाकडातून काढलेलं. आपल्या फणसाच्या लाकडाच्या पिवळेपणातही मोरिन असतं. मोरिनच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा क्षार पडला की हिरवी चमक येते. धातूने चमक आली, म्हणजे धातू आहे. सरळ हिशेब.

पण मोरिन हा रेणू सापडलेला होता, घडवलेला नव्हता. निसर्गाने ॲल्युमिनियमसाठी तो बनवला नव्हता, योगायोगाने जुळला. पुढची शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञ असे योगायोग गोळा करत राहिले. हवा तो धातू ठरवून, त्याच्यासाठी रेणू आखायचा, हे अजून कुणाला जमलं नव्हतं.

ते जमलं १९८०च्या दशकात. दोन नावं लक्षात ठेवा.

पहिलं, रॉजर त्सिएन. त्याला जिवंत पेशीतलं कॅल्शियम बघायचं होतं. अडचण अशी, की पेशीत मोकळ्या कॅल्शियमच्या हजारो पट मॅग्नेशियम असतं आणि दोन्ही धातू स्वभावाने सारखे. जत्रेच्या गर्दीत जुळ्या भावांपैकी नेमका एक ओळखायचा. त्याने कॅल्शियमच्या मापाची पकड असलेला रेणू आखला, आणि १९८५ मध्ये त्याच्या गटाने फ्युरा-२ हा रेणू जगासमोर आणला. मज्जापेशींवर काम करणारे लोक तो आजही वापरतात. त्सिएनला २००८ मध्ये नोबेल मिळालं ते मात्र दुसऱ्या कामासाठी, चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनासाठी.

दुसरं नाव आपल्या शेजारचं. ए. प्रसन्ना डिसिल्वा, श्रीलंकेचे. १९८५ मध्ये कोलंबो विद्यापीठातून त्यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि पुढे बेलफास्टला जाऊन त्या कल्पनेची एक शाखाच उभी केली. कल्पना इतकी सोपी, की ऐकल्यावर वाटतं, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही! रेणूचे तीन भाग करा. एक दिवा, एक पकड, आणि दोघांना जोडणारा एक छोटा दुवा.

हे चालतं कसं? पकडीत नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. आपण अतिनील प्रकाश टाकला की दिवा पेटायला निघतो. तेवढ्यात पकडीतला एक इलेक्ट्रॉन दुव्यावरून उडी मारून दिव्यात घुसतो, आणि उजेड होण्याआधीच ऊर्जा वाया जाते. दिवा विझलेलाच. आता धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला धातूचा अणू, पकडीत येऊन बसला. तो त्या इलेक्ट्रॉनच्या जोडीला स्वतःकडे बांधून ठेवतो. उडी बंद. दिवा लागला!

म्हणजे हा रेणू एक बटण आहे आणि बटण दाबणारं बोट म्हणजे धातू. दिवा बदला, उजेडाचा रंग बदलेल. पकड बदला, धातू बदलेल. डिसिल्वांनी पकड म्हणून क्राउन ईथर नावाचे मुकुटासारखे गोल रेणू घेतले, जे चार्ल्स पेडरसनने १९६७ मध्ये जाहीर केले होते. मुकुट केवढा, त्यावर सोडियम बसणार की पोटॅशियम, हे ठरतं. या घराण्यातले सेन्सर पुढे रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या छोट्या यंत्रांत गेले.

कुणाचं कुणाशी पटतं

पारा, शिसं, तांबं यांच्यासाठी नुसतं माप पुरत नाही, स्वभावही जुळावा लागतो. १९६३ मध्ये राल्फ पियर्सनने एक साधा नियम मांडला. काही आयन 'कडक', काही 'मऊ'. कडकाचं कडकाशी पटतं, मऊचं मऊशी. ॲल्युमिनियम कडक, त्याला ऑक्सिजन आवडतो. पारा मऊ, त्याला गंधक आवडतं. आपल्या जुन्या रसशास्त्रातली कज्जली आठवा, पारा आणि गंधक खलात घोटून केलेली काळी भुकटी. पियर्सनच्या कितीतरी आधी आपल्या वैद्यांना ही जोडी हाताने ठाऊक होती. त्यामुळे आज पाऱ्यासाठी सेन्सर आखणारा पहिला विचार करतो तो गंधकाचा.

पण जड धातूंची एक वाईट खोड आहे. तांबं, पारा, लोह हे दिव्याजवळ आले की बहुतेक वेळा उजेड विझवतात. १९९७ मध्ये अँथनी झार्निक आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. ऱ्होडामाइन या गुलाबी-लाल रंगाचा रेणू त्यांनी असा बंद केला, की त्याला ना रंग ना चमक. तांब्याचा आयन भेटला की कडी उघडते आणि द्रावण गुलाबी होऊन चमकायला लागतं. २००५ मध्ये कोरियातल्या जिनसंग ते यांच्या गटाने त्याच ऱ्होडामाइनवर गंधकाची पकड बसवली आणि ती कडी पाऱ्याने उघडेल अशी व्यवस्था केली. त्यानंतर जगभर अशा रेणूंची लाट आली. आपल्याकडेही. जळगावच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियमसारख्या धातूंसाठी असे रेणू बनवून प्रसिद्ध केले. सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या सुबन साहू यांनी २०१२ मध्ये लोह ओळखणाऱ्या रेणूंचा मोठा आढावा सहकाऱ्यांसोबत लिहिला.

मग ते आपल्या हँडपंपापर्यंत का आले नाहीत?

आता खरा मुद्दा. इतके रेणू बनले, तर गावात एक थेंब टाकून पारा का कळत नाही? तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण हिशेबाची. पुष्कळ शोधनिबंधांत सेन्सरची ताकद 'मायक्रोमोलर' सांगितलेली असते. ऐकायला फार बारीक वाटतं. पण एक मायक्रोमोलर पारा म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. मर्यादा किती होती? ०.००१. म्हणजे हा सेन्सर चमकेल तेव्हा पाणी मर्यादेच्या दोनशे पट बिघडलेलं असेल! शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक मायक्रोमोलर शिसं त्याच्या वीस पट होतं. तांब्याचं मात्र जमतं. एक मायक्रोमोलर तांबं लिटरमागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम भरतं, आणि तांब्याची मर्यादा साधारण तिथूनच सुरू होते. एकच आकडा एका धातूला पुरतो, दुसऱ्याला अजिबात पुरत नाही.

दुसरी अडचण द्रावकाची. असे कितीतरी रेणू निव्वळ पाण्यात विरघळतच नाहीत. प्रयोगशाळेत त्यांना अल्कोहोल किंवा ॲसिटोनायट्राइल मिसळून चालवतात. विहिरीच्या पाण्यात ते तळाशी बसतात.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची, आणि ती खास आपल्या जंगलाची आहे. प्रयोगशाळेतलं पाणी शुद्ध असतं, त्यात फक्त आपण टाकलेला धातू. जंगलातलं पाणी पानांवरून, मातीतून येतं. कुजलेल्या पाल्याचे ह्युमिक पदार्थ त्यात विरघळलेले असतात. आणि अतिनील प्रकाशात हे ह्युमिक पदार्थ स्वतःच निळसर चमकतात! आता तुमचा सेन्सरही निळा चमकणारा असेल, तर उजेड कुणाचा? धातूचा की पाल्याचा? आपण अमावास्येची विडी म्हणालो होतो, पण इथे सगळं जंगलच मंद काजव्यासारखं उजळलेलं.

त्यात भर लोहाची. हँडपंपाचं पाणी बादलीत ठेवलं की काही ठिकाणी थोड्या वेळाने पिवळट-तांबूस होतं. तो लोहाचा परिणाम. जमिनीखाली लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजल्यासारखं होतं. आणि लोह हे उजेड विझवण्यात पटाईत. साहूंच्या आढाव्याचा विषय असलेले लोहाचे बहुतेक सेन्सर उजेड विझवूनच लोह ओळखतात. याचा अर्थ असा, की पाऱ्यासाठी बनवलेला दिवा पाऱ्याने पेटला, तरी शेजारचं लोह तो मंद करू शकतं. पाण्यात पारा आहे, पण दिवा लागला नाही, लोक म्हणाले पाणी चांगलं. तपासणी न केलेली परवडली, पण असा खोटा धीर नको.

मग इथल्यासाठी रेणू कसा हवा? दिवा निळा नको, नारिंगी किंवा लाल हवा, म्हणजे पाल्याच्या चमकेपासून वेगळा दिसेल. ऱ्होडामाइन त्यासाठीच चांगला. धातू मिळाल्यावर उजेड नुसता कमी-जास्त न होता त्याचा रंग बदलला तर अजून उत्तम, कारण दोन रंगांचं गुणोत्तर घेतलं की पाणी गढूळ आहे की दिवा म्हातारा झालाय याने फारसा फरक पडत नाही. त्सिएनच्या फ्युरा-२ मध्ये गुणोत्तराचीच युक्ती होती, दोन वेगवेगळ्या प्रकाशांत मोजून भागाकार करायचा. आणि लोहाला आधी बाजूला करायची काहीतरी सोय हवी. म्हणजे रेणू आखताना जागतिक पुस्तकासोबत इथल्या पाण्याचा स्वभावही समोर ठेवावा लागतो.

हाच खेळ उलटा

एक गोष्ट मात्र गावापर्यंत पोचली आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं आखडतात. फ्लोराइड धातू नाही, पण त्याला ओळखायला धातूचीच मदत घेतात. झिर्कोनियम धातूला एका रंगद्रव्याशी बांधतात, गुलाबी रंग येतो. पाण्यातलं फ्लोराइड त्या झिर्कोनियमला पळवून नेतं आणि गुलाबी रंग पिवळा पडू लागतो. मोरिन आणि ॲल्युमिनियमची चमकसुद्धा फ्लोराइड अशीच पळवतं. नीट बघा, गॉपेल्सरोडरच्या १८६७च्या प्रयोगाचंच हे उलटं रूप. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायची योजना आहे, आणि त्यांच्या हातातल्या पेटीत फ्लोराइडची तपासणी असते. शिसं-पारा मोजायला मात्र अजूनही नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

ही दरी भरण्याचं काम बाकी आहे. नागपूरला १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. २०११ पासून या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. फोनच्या कॅमेऱ्याने चमक मोजायचे प्रयोग जगभर चालू आहेत, आणि कॅमेरा तर आज गावागावांत पोचलाय. ऐकणाऱ्यांत कुणी बीएससी-एमएससी केमिस्ट्रीचे असाल, तर प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जाऊ नका. दोन बाटल्या घ्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत तुमच्या नाल्याचं. दोन्हींत तोच सेन्सर, तेवढाच धातू. उजेड सारखा येतो का बघा. नाही आला, तर का नाही आला, हाच तुमचा विषय.

आणि जे केमिस्ट्रीचे नाहीत त्यांच्यासाठी. "पाण्यातलं विष ओळखणारा नवा सेन्सर" अशी बातमी फोनवर आली की फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणता धातू? किती बारीक, मर्यादेच्या आत की दोनशे पट बाहेर? शुद्ध पाण्यात की खऱ्या पाण्यात? सोबत लोह असलं तरी चालतो का? चारही उत्तरं नीट मिळाली, तर मात्र बिनधास्त फॉरवर्ड करा.

शेवटी एवढंच, की रेणू फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगतो, फार तर 'एवढं आहे' सांगतो. ते कुठून आलं, कुणी थांबवायचं, तोवर गावाने कोणतं पाणी प्यायचं, हे त्याला विचारून उपयोग नाही. ते ग्रामसभेत, नगरपालिकेत, मंडळाच्या कार्यालयात विचारावं लागतं. पण तिथे विचारायला जाताना हातात आकडा असला, की बोलण्याला वजन येतं.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर जंगलपट्ट्यातल्या एखाद्या मित्राला, मैत्रिणीला पाठवा. तुमच्या गावच्या पाण्याबद्दल काही सांगायचं असेल तर व्हॉइस मेसेज करा, आम्ही ऐकतो. भेटू पुढच्या भागात. रामराम, जोहार!